हँडल आणि कळ

मराठीत 'कळ' ह्या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत. यंत्र ज्याने सुरू होते वा थांबते तो खटका म्हणजे कळ. आणि दुखऱ्या अवयवातून एकाएकी उठणारी वेदना, तीही कळच. हे दोन अर्थ एकाच शब्दाच्या घरात कसे नांदू लागले, ते भाषापंडितांनी सांगावे. मोटारगाडीच्या इतिहासात मात्र काही दशकांचा एक काळ असा होऊन गेला, की त्यात हे दोन्ही अर्थ अगदी शेजारी शेजारी होते. गाडीतली कळ चुकीची ओढली गेली, की कुणाच्या तरी मनगटातून कळ उठे. त्या काळाविषयी, आणि त्या काळाने आमच्या घरात मागे ठेवलेल्या एका वाकड्या मनगटाविषयी चार शब्द लिहावेत, असे आमच्या मनात बरेच दिवस घोळत होते.

आज गाडीत बसावे, किल्ली फिरवावी किंवा नुसते बटण दाबावे, की इंजिन गुरगुरू लागते. त्यात काही विशेष घडले असे कुणाला वाटत नाही. पण ज्यांनी साठी-सत्तरी ओलांडली आहे त्यांना आठवत असेल, की गाडी सुरू होणे ही एके काळी गृहीत धरण्याची गोष्ट नव्हती. ज्याच्या पोटात घोड्यांचे बळ आहे असे आपण म्हणतो, ते इंजिन स्वतःहून पहिले पाऊल टाकू शकत नाही. त्याचे कारण त्याच्या रचनेतच आहे. नळकांड्यात दट्ट्या, म्हणजे गॅरेजमध्ये ज्याला पिस्टन म्हणतात तो, खाली सरकतो तेव्हा पेट्रोलची वाफ आणि हवा आत ओढली जाते. तो वर येतो तेव्हा ते मिश्रण दाबले जाते. मग ठिणगी पडते, भडका उडतो, आणि दट्ट्या जोराने खाली ढकलला जातो. शेवटी जळालेला धूर बाहेर टाकला जातो. ह्या चार क्रियांपैकी बळ देणारी क्रिया एकच, आणि तिच्या आधीच्या दोन क्रिया झाल्यावाचून ती होत नाही. म्हणजे इंजिनाला पहिला श्वास कुणीतरी बाहेरून द्यावा लागतो. आरंभीच्या काळात हे 'कुणीतरी' म्हणजे माणूस असे, आणि त्याचे साधन म्हणजे त्याचा हात.

कार्ल बेंझ ह्यांनी जर्मनीत १८८६ साली आपल्या तीनचाकी मोटारगाडीचे पेटंट नोंदवले. त्या गाडीला हँडलसुद्धा नव्हते. मागच्या बाजूला एक मोठे जड चाक आडवे बसवलेले होते. ते दोन्ही हातांनी धरून जोराने फिरवायचे, म्हणजे इंजिन जागे होई. १८८८ सालच्या ऑगस्टमध्ये त्यांच्या पत्नी बेर्टा बेंझ आपल्या ऑयगेन आणि रिचर्ड ह्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, ह्याच धाटणीच्या गाडीतून मानहाइमहून आपल्या माहेरी फोर्ट्सहाइमला निघाल्या. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. वाटेत वीसलोख गावातल्या औषधांच्या दुकानातून त्यांनी इंधन विकत घेतले, चढावर मुलांनी गाडी ढकलली, आणि इंधनाची नळी तुंबली तेव्हा ह्या बाईंनी टोपीला लावायच्या पिनेने ती मोकळी केली. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास एका गृहिणीने केला, एवढे इतिहासाची पुस्तके सांगतात. वाटेत जितक्या वेळा इंजिन थांबले असेल, तितक्या वेळा ते जड चाक कुणाच्या तरी हातांनी पुन्हा फिरवले गेले, हे मात्र आपले आपणच समजून घ्यावे लागते.

पुढे चाकाची जागा हँडलने घेतली. दोन ठिकाणी काटकोनात वाकवलेला लोखंडी दांडा. त्याचे एक टोक गाडीच्या पुढच्या भोकातून आत सारायचे आणि दुसरे हातात धरून फिरवायचे. आतल्या टोकाला एक साधी पण चतुर योजना होती. तिथले दाते एका बाजूने उतरते असत. माणूस हँडल फिरवी तेव्हा ते इंजिनाच्या दांड्याला पकडत. इंजिन सुरू होऊन हँडलपेक्षा वेगाने पळू लागले, की ते उतरत्या बाजूवरून घसरून आपोआप सुटत. इंजिन पुढे गेले तर हात मोकळा होई. पण इंजिन उलटे फिरले तर? मग तेच दाते हँडलला घट्ट धरून ठेवत, आणि इंजिनाचा सारा झटका थेट माणसाच्या मनगटात उतरे.

इंजिन उलटे का फिरावे, हेही समजून घेण्यासारखे आहे. भडका उडायला अगदी थोडा का होईना वेळ लागतो. म्हणून गाडी वेगात असताना ठिणगी किंचित आधी पडावी लागते. पण हाताने संथपणे फिरवताना ठिणगी आधी पडली, तर दट्ट्या वर पोहोचण्यापूर्वीच भडका उडतो आणि तो आल्या वाटेने मागे फेकला जातो. त्यामुळे त्या काळच्या गाड्यांत ठिणगी आधी पाडायची की नंतर, हे ठरवणारी एक कळ चालकाजवळ असे. १९०८ ते १९२७ ह्या काळात दीड कोटीहून अधिक संख्येने निघालेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी' गाडीत ती स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला होती आणि इंधनाची उजव्या बाजूला. गाडी सुरू करण्यापूर्वी डावी कळ मागे घ्यायची, ब्रेक ओढून ठेवायचा, मग खाली उतरून पुढे यायचे, रेडिएटरजवळची चोकची तार ओढायची, आणि हँडल खालून वर झटक्याने खेचायचे. थंडीत आतले तेल घट्ट झाले की क्लच पुरता सुटत नसे. मग इंजिन सुरू होताच गाडी पुढे सरकू लागे आणि हँडल मारणाऱ्याच्याच अंगावर येई. म्हणून जाणते लोक मागचे एक चाक जॅकवर उचलून ठेवीत.

हँडल धरण्याचेही शास्त्र होते. दांड्याभोवती मूठ वळायची नाही. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, म्हणजे झटका बसला तर मूठ उघडून दांडा निसटून जाईल. खालून वर ओढायचे, वरून खाली दाबायचे नाही. कारण दाबताना अंगाचा सगळा भार हातावर असतो, आणि त्याच वेळी झटका आला तर हाड वाचत नाही. शक्यतो डावा हात वापरायचा. हे नियम ज्यांनी केले, त्यांनी ते किती मनगटे मोडल्यावर केले असतील, ह्याची कल्पनाच केलेली बरी. मनगटाजवळ, अंगठ्याच्या बाजूचे हाडाचे टोक तुटते, त्या दुखापतीला अस्थिरोगाच्या ग्रंथांत आजही 'शोफर्स फ्रॅक्चर' असे म्हणतात. 'शोफर' हा फ्रेंच शब्द. त्याचा मूळ अर्थ भट्टी तापवणारा, म्हणजे वाफेच्या इंजिनावरचा आगवाला. तोच शब्द पुढे मोटारहाक्याला चिकटला आणि त्याच्या मोडक्या हाडालाही. धंद्याचे नाव दुखण्याला मिळावे, असे भाग्य फार थोड्या धंद्यांच्या वाट्याला आले असेल.

आमच्या थोरल्या काकांना हे वैद्यकीय नाव ठाऊक नव्हते. ते एवढेच म्हणत, "हँडल उलटं आलं."

काका वसईच्या आमच्या वाडीतले. पण वाडीच्या उत्पन्नात सगळ्या भावांचे भागत नव्हते, म्हणून १९३५-३६ च्या सुमारास ते मुंबईला एका व्यापाऱ्याच्या मोटारीवर क्लीनर म्हणून राहिले. गाडी जुनी, बॅटरी बहुधा मेलेली, म्हणून रोज सकाळी हँडल मारायचे काम काकांचे. शेटजींना स्वतः गाडी चालवण्याची हौस होती. शेटजी आत, स्टिअरिंगमागे. काका बाहेर, गाडीच्या तोंडाशी. पावसाळ्यातली एक ओली सकाळ होती. चार-पाच वेळा हँडल मारूनही इंजिन बोलेना. शेटजींना पेढीवर जायला उशीर होत होता. गाडी लवकर पेटावी म्हणून त्यांनी, कुठेतरी ऐकलेल्या माहितीच्या जोरावर, ठिणगीची कळ पुढे ओढली. पुढे वाकलेल्या काकांना ते दिसले नाही. पुढच्याच फेरीला हँडल उलटे आले.

शेटजी भाड्याच्या गाडीने पेढीवर गेले. काकांना त्यांनी औषधपाण्यासाठी पाच रुपये दिले आणि गावी जाऊन विश्रांती घ्यायला सांगितले. गावच्या हाडवैद्याने झाडपाल्याचा लेप लावून कामट्या बांधल्या. हाड जुळले, पण वाकडे जुळले. दोन महिन्यांनी काका मुंबईला परतले तेव्हा त्यांच्या जागी दुसरा मुलगा हँडल मारीत होता.

नोकरी गेली ह्याचे काकांना फारसे दुःख झाले नसावे. वाडी होती, विहीर होती, केळीची लागण होती. गेले ते दुसरेच. काका आमच्या चर्चच्या गायनमंडळात व्हायोलिन वाजवीत. व्हायोलिनच्या तारा डाव्या हाताच्या बोटांखाली असतात; पण तिच्यातून स्वर काढतो तो उजवा हात, आणि त्या हाताचे मनगट पाण्यासारखे वळावे लागते. काकांचे मनगट वळेना. दोन-तीन नाताळ त्यांनी नेटाने प्रयत्न केला, असे आमची आजी सांगे. मग ती पेटी माळ्यावर गेली. आम्ही पाहिली तेव्हा तिच्यावर धुळीचा थर होता आणि धनुष्याचे केस उंदरांनी कुरतडले होते. सणाच्या मिस्साला काका मागच्या बाकावर बसत आणि गायन सुरू झाले, की उजवा हात सदऱ्याच्या खिशात घालून ठेवीत.

एकदा, आम्ही जाणते झाल्यावर, रागारागाने शेटजींविषयी काही बोललो. काका शांतपणे म्हणाले, "शेटजी वाईट नव्हते रे. त्यांना माहीतच नव्हतं. कळ आत होती, हँडल बाहेर होतं." आम्हांला त्या वेळी हे उत्तर दुबळे वाटले होते. पण वय वाढत गेले तसे आमच्या ध्यानात आले, की ज्याच्या हाती कळ आहे त्याला दुसऱ्या टोकाला कोण उभा आहे हे दिसू नये, ह्याहून दुष्टपणाला वेगळी गरज लागत नाही.

हँडलचा अंत कसा झाला, तीही कथा ऐकण्यासारखी आहे. बायरन कार्टर हे अमेरिकेतले एक मोटारनिर्माते १९०८ साली वारले. वाटेत बंद पडलेल्या एका बाईंच्या गाडीचे हँडल मारताना झालेली इजा त्यांना भोवली आणि त्या मृत्यूने कॅडिलॅक कंपनीचे प्रमुख हेन्री लीलंड हळहळले, अशी आख्यायिका मोटारविश्वात सांगितली जाते. आख्यायिकेचा भाग सोडला, तरी एवढे खरे की लीलंड ह्यांनी हे काम चार्ल्स केटरिंग ह्यांच्याकडे सोपवले. केटरिंग पूर्वी डेटन शहरात दुकानांतले गल्ले बनवणाऱ्या कारखान्यात होते आणि त्यांनी गल्ल्याला छोटी विजेची मोटर बसवली होती. इंजिन फिरवायला विजेची मोटर लावायची तर ती इंजिनाएवढीच मोठी लागेल, असे तज्ज्ञांचे मत होते. केटरिंग ह्यांना गल्ल्यावरून ठाऊक होते, की मोटर सतत चालवायची नसून क्षणभरच चालवायची असेल, तर लहान मोटरही पुष्कळ बळ देऊ शकते; तापायच्या आत तिचे काम संपलेले असते. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्या विजेच्या स्टार्टरसह बाजारात आल्या. त्याच यंत्रणेतून बॅटरी भरली जाई आणि दिवेही लागत. फोर्डच्या 'टी' गाडीत स्टार्टर यायला मात्र १९१९ साल उजाडले, आणि तोही आधी बंद टपाच्या गाड्यांत.

ह्या शोधाने केवळ मनगटेच वाचली असे नाही. हँडल मारण्याइतके बळ नाही म्हणून ज्यांना मोटार वर्ज्य मानली जाई, त्या स्त्रियांना आणि वृद्धांना रस्ता मोकळा झाला. त्यापूर्वी अमेरिकेतील सधन घरांतल्या स्त्रिया बॅटरीवरच्या गाड्या पसंत करीत, कारण त्यांना हँडल नसे. गंमत अशी, की दीड कोटी पेट्रोलच्या गाड्या काढणाऱ्या हेन्री फोर्ड ह्यांच्या पत्नी क्लारा ह्यांची स्वतःची गाडी १९१४ साली घडवलेली, दुसऱ्या कंपनीची, विजेवर चालणारी होती.

आपल्याकडे हँडल पुढेही कितीतरी वर्षे टिकले. जीपला ते होते, अँबॅसडरच्या मागच्या पेटीत ते पडलेले असे, आणि गॅरेजच्या भाषेत विजेच्या स्टार्टरला अजूनही 'सेल्फ' म्हणतात. कुणाच्याही मदतीवाचून, स्वतःहून सुरू होणारा, असा त्या शब्दातला अभिप्राय. सेल्फ उचलत नसेल तर हँडल, आणि हँडलनेही नाही तर चार जणांचा धक्का, असा क्रम ठरलेला होता.

आमच्या वाडीत हँडल आले ते मोटारीबरोबर नव्हे, तर पाण्याच्या इंजिनाबरोबर. १९६०च्या आसपास वसईत बावखलांवरचे आणि विहिरींवरचे रहाट थांबू लागले. रेड्यांच्या फेऱ्या संपल्या आणि डिझेलवरच्या इंजिनांची टकटक वाड्यावाड्यांतून ऐकू येऊ लागली. ह्या इंजिनाला ठिणगी लागत नाही. हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच तेल पेटते. पण इतका दाब माणसाच्या हाताने सुरुवातीलाच कसा पेलावा? म्हणून वरच्या बाजूला एक कळ असते. ती उचलून धरली की आतली झडप उघडी राहते, दाब पडत नाही, आणि हँडलने जड चाक भराभर फिरवता येते. चाकाने पुरेसा वेग घेतला की कळ सोडायची. मग ते चाकच आपल्या जोराने दाब पार करते, काळ्या धुराचा लोट येतो आणि पाटाला पाणी लागते.

हे इंजिन सुरू करायला आम्हां मुलांना शिकवले ते काकांनी. अंगठा कसा ठेवायचा, पाय कुठे रोवायचे, इंजिन पेटताच हँडल सरळ बाहेर कसे ओढायचे, दांड्याचे टोक झिजून खडबडीत झाले असेल तर हँडल अडकून कसे गरगरते, हे सारे त्यांनी आपल्या वाकड्या हाताने दाखवले. आणि एका बाबतीत ते फार कडक होते. आम्ही दोघे भाऊ, एक हँडलवर आणि दुसरा कळीवर, असे उभे राहिलेलो त्यांना मुळीच खपत नसे. "एका हातात हँडल, दुसऱ्या हातात कळ. दोन्ही एकाच माणसाच्या हातात पाहिजेत," असे ते बजावीत. त्या वेळी आम्हांला तो त्यांचा हेका वाटे. ज्याला झटका बसणार आहे त्यालाच कळ केव्हा सोडायची ते ठरवू द्या, एवढेच ते म्हणत होते.

काकांना जाऊन आता बराच काळ लोटला. वाडीतले इंजिन भंगारात गेले, तिथे विजेचा पंप आला. हँडल संपले ते बरेच झाले. त्याची आठवण काढून उसासे टाकावेत असे त्यात काही नाही. पण हँडलबरोबर दुसऱ्या टोकाचा माणूसही संपला का, हा प्रश्न आम्हांला अलीकडे सतावू लागला आहे. स्टार्टरला बॅटरी लागते आणि बॅटरीत शिसे असते. काही वर्षांनी ती निकामी होते. आपण नवी घेतो, जुनी दुकानदाराला देतो, तो तिचे पैसे वजा करून देतो आणि आपले काम संपते. तिचे पुढे काय होते? नीट कारखान्यात गेली तर शिसे सुरक्षितपणे वितळवून पुन्हा वापरात येते. पण बऱ्याच बॅटऱ्या तिथवर पोहोचत नाहीत. वस्तीच्या कडेला कुणीतरी त्या हातोड्याने फोडतो, आम्ल जमिनीवर ओततो आणि शिसे उघड्या भट्टीत वितळवतो. त्याचा धूर आणि त्याची धूळ फोडणाऱ्याच्या छातीत जाते, त्याच्या कपड्यांवरून घरी जाते, आणि अंगणात खेळणाऱ्या मुलांच्या रक्तात उतरून त्यांची बुद्धी खुंटवते. आपल्या देशात ह्यासाठी २००१ साली नियम झाले, २०२२ साली नवे नियम आले. तरीही हा धंदा बंद झालेला नाही. तिथे हाड मोडल्याचा आवाजही होत नाही.

मागील वर्षी आमच्या घरच्या गाडीची बॅटरी बदलायची वेळ आली. आम्ही नातवाला बरोबर घेतले आणि दुकानदाराला विचारले, की जुनी बॅटरी कुठे जाते. तो हसला आणि म्हणाला, "बाबा, तुम्हांला काय करायचंय? पैसे मिळाले ना?" आम्ही बॅटरी परत गाडीत ठेवली. दुसऱ्या दुकानात, जिथून ती नोंदणी असलेल्या कारखान्याकडे जाते आणि तशी पावती मिळते, तिथे दिली. तीनशे रुपये कमी आले आणि अर्धा दिवस गेला. परतताना नातू म्हणाला, की एका बॅटरीने काय फरक पडणार? त्याला आम्ही काकांच्या मनगटाची हकीकत सांगितली. तो काही बोलला नाही. घरी आल्यावर मात्र त्याने माळ्यावरची व्हायोलिनची पेटी खाली काढायला सांगितली.